आधी नक्कल, मग दुरुस्ती

आमच्या घरातला संगणक २०१२ सालचा. रुवीतून घेतलेला, काळ्या रंगाचा, टेबलाखाली पाय पसरू न देणारा. मुलाने अनेकदा आणि नातवाने त्याहून अनेकदा सुचवले, की हा डबा आता टाकून द्या. मी टाकला नाही. चालतो आहे तोवर वस्तू टाकायची नाही, या संस्कारात आमची पिढी वाढली. गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात तो आजारी पडला आणि त्या आजारपणात मी एक मोठी चूक केली. तिची किंमत मोजून झाल्यावर माझे एक ठाम मत बनले आहे. ते मंडळाच्या सभासदांसमोर ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

मत थोडक्यात असे: जुना संगणक डिस्कच्या चुका दाखवून बंद पडू लागला, तर त्याला दुरुस्त करायला बसू नये. आधी आतले सगळे बाहेर काढावे. दुरुस्ती नंतर, जमली तर. आपण जवळजवळ सगळे हे उलट्या क्रमाने करतो, आणि जितके शिकलेले तितके जास्त उलटे करतो.

आजाराची लक्षणे आधी सांगतो, कारण ती बहुतेकांच्या घरी अशाच क्रमाने येतात. प्रथम संगणक मंद झाला. मग फोटोंचा एक ठरावीक फोल्डर उघडला की माउसचा बाण जागीच थिजायचा, पुढचा लाल दिवा अखंड पेटून राहायचा आणि अर्ध्या-एक मिनिटाने सगळे पुन्हा सुरळीत व्हायचे. मी ते म्हातारपणावर घातले, त्याच्या आणि माझ्याही. मग पेटीतून 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागला. आणि एका संध्याकाळी पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत 'कर्नल डेटा इनपेज एरर' असे शब्द होते. पुन्हा सुरू केला, तासभर चालला, पुन्हा निळा.

या शब्दांचा अर्थ सोपा आहे. विंडोज आपल्या कामातला काही भाग मेमरीतून काढून डिस्कवर ठेवत असते आणि लागेल तेव्हा परत आणते. परत आणायला गेल्यावर डिस्कने 'मला वाचता येत नाही' असे सांगितले, तर यंत्रणेपुढे थांबण्याशिवाय मार्ग नसतो. म्हणजे निळा पडदा हा बहुधा रोग नसतो. तो रोगाचा निरोप असतो.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. चुंबकीय पदार्थ शिकवण्यात आयुष्य गेले. घरात असा एक माणूस असला की मेकॅनिकला बोलवायला हमखास उशीर होतो. सौ. म्हणाली, "अहो, कोणाला तरी दाखवा." मी म्हणालो, "मला कळतं त्यातलं." आणि रात्री दहा वाजता विंडोजची चेकडिस्क ही आज्ञा, खराब सेक्टर शोधण्याच्या पर्यायासह, चालू करून झोपलो. सकाळपर्यंत सगळे दुरुस्त होईल अशी खात्री होती.

सकाळी संगणक चालू झाला. निळा पडदा गेला होता. फोटोंचा तो फोल्डर मात्र अर्धा रिकामा होता आणि 'फाउंड' नावाच्या एका नव्या फोल्डरमध्ये नावगाव हरवलेले शेकडो तुकडे पडले होते. त्यात माझ्या आईच्या ओव्या होत्या.

२०१३ च्या सुट्टीत कराडजवळच्या आमच्या गावी मी आईला जात्यावर बसवून चौदा ध्वनिफिती केल्या होत्या. फोनवर घेतल्या, इथे येऊन संगणकावर उतरवल्या, फोन पुढे बदलला. आई आता नाही. चौदा फायली, एकच जागा, एकच नक्कल. पाच पैशांची पावती जपून ठेवणारा मी, या बाबतीत इतका निष्काळजी कसा राहिलो, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

चूक नेमकी कुठे झाली, ते समजून घेऊ. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात. घरगुती संगणकात त्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. साडेतीन इंची डिस्कची कड ७,२०० फेऱ्यांना ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळते. इथल्या महामार्गावरच्या १२० च्या मर्यादेहून थोडी अधिकच. आणि वाचणारे टोक त्या चकतीवर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट भरते. चकतीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत असते. ५१२ बाइटचा एक कप्पा धरला, तर एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये असे सुमारे १९५ कोटी कप्पे होतात. इतक्या कप्प्यांत काही बिघडणारच. म्हणून प्रत्येक कप्प्यासोबत चूक सुधारण्यासाठी जादा खुणा लिहिलेल्या असतात. बारीकसारीक चुका डिस्क स्वतःच सुधारते आणि कुणाला कळूही देत नाही. एखादा कप्पा अगदीच कमकुवत झाला, तर आतला मजकूर ती राखीव कप्प्यात हलवते आणि तेही सांगत नाही.

थोडक्यात, डिस्क जुन्या काळातल्या आईसारखी असते. दुखणे अंगावर काढते. ती जेव्हा बोलून दाखवते, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

याला आकड्यांचा आधार आहे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे पहिल्या चुकीनंतरचा काळ हा दुरुस्तीचा नसतो, सामान हलवण्याचा असतो. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा लक्षणे दिसली की बघू, हे धोरणही निम्म्याहून अधिक वेळा फसते.

आता चेकडिस्कविषयी. हे साधन वाईट नाही. ते कोणाच्या बाजूने उभे आहे, हे मात्र कळले पाहिजे. ते फाइल सिस्टीमच्या बाजूने उभे असते, तुमच्या फायलींच्या बाजूने नाही. ग्रंथालयाची नोंदवही आणि कपाटे यांचा मेळ बसवणे, एवढेच त्याचे काम. नोंदवहीचे एखादे पान वाचता आले नाही, तर ती नोंद ते काढून टाकते आणि त्या नोंदीची पुस्तके बेवारस म्हणून कोपऱ्यात ढकलते. मेळ बसतो. पुस्तक हरवते. शिवाय खराब कप्पे शोधण्यासाठी ते सगळी डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचते आणि वाचता न येणाऱ्या जागी डिस्क पुन्हापुन्हा धडपडत राहते. दम लागलेल्या माणसाला, तपासणीच्या नावाखाली, मी रात्रभर जिने चढायला लावले होते.

दुसऱ्या दिवशी संगणक उचलून रुवीतल्या एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा केरळचा, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. मी त्याला पंधरा मिनिटे निदान ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पहले ये बताइए, डेटा चाहिए या कंप्यूटर चाहिए?"

एवढा नेमका प्रश्न त्या दोन आठवड्यांत कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. डिस्क बिघडली, की घरात दोन वेगळ्या गोष्टी धोक्यात असतात: यंत्र आणि त्यातला ऐवज. यंत्र बाजारात मिळते. ऐवज मिळत नाही. आणि यंत्र वाचवण्याचे बरेच उपाय ऐवजाच्या जिवावर उठतात. फॉरमॅट करा, विंडोज पुन्हा घाला, चेकडिस्क चालवा, हे सगळे सल्ले यंत्राच्या बाजूचे आहेत. मित्र ते चांगल्या मनाने देतात, कारण त्यांना 'संगणक चालत नाही' एवढेच सांगितलेले असते.

त्या मुलाने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि लिनक्सवरच्या डीडी-रेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने तिची नक्कल घ्यायला लावली. या साधनाची रीत मला फार आवडली. ते आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलते, अडचणीच्या जागा वहीत टिपून पुढे जाते आणि बाकीचे सुरक्षित झाल्यावरच त्या अवघड जागांकडे परत येते. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा, असे मी मुलांना आयुष्यभर सांगितले. स्वतःच्या परीक्षेत मात्र मी सर्वांत कठीण प्रश्नापासून सुरुवात केली होती.

अठ्ठेचाळीस तासांनी चौदापैकी अकरा फायली सुखरूप मिळाल्या. दोन गेल्या. एकीत फक्त जात्याची घरघर उरली आहे. ओवी सुरू व्हायच्या आत ती तुटते. चेकडिस्क चालवण्याआधी नक्कल घेतली असती तर चौदाच्या चौदा मिळाल्या असत्या का, हे सांगता येत नाही. जास्त मिळाल्या असत्या, एवढे मात्र मला नक्की वाटते.

म्हणून क्रम लिहून देतो. हवे तर हे पान कापून संगणकाला चिकटवा.

पहिले, चुका दिसू लागल्या की संगणकावर नवे काही लिहू नका. अपडेट नको, साफसफाई नको, नवा अँटीव्हायरस नको. डिस्क टक्‌टक् करत असेल, तर लगेच बंद करून जाणत्याकडे द्या, कारण अशी डिस्क चालू ठेवलेला प्रत्येक तास नुकसानीचा असू शकतो. दुसरे, आवाज नसेल, तर सर्वांत मोलाचे आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. चित्रपट आणि गाणी शेवटी; ती पुन्हा मिळतात. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झगडू नका, पुढची घ्या. तिसरे, नक्कल हाती आल्यावरच निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो यासारखे फुकट साधन डिस्कची 'स्मार्ट' नोंद दाखवते. तिथे 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. मात्र ते शून्य असून 'सीआरसी' चुकांचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो; तिला जोडणारी केबल सैल किंवा खराब असते. थोड्या पैशांत काम भागते. चौथे, या सगळ्यानंतर हवी तर चेकडिस्क. आणि जुन्या संगणकाचे बाकीचे अवयव धडधाकट असतील, तर जुनी डिस्क काढून त्या जागी एसएसडी बसवा. आमचा डबा आता तसाच चालतो आहे आणि नातू त्याला डबा म्हणायचा थांबला आहे.

इथे दोन आक्षेप येतील, ते मी ऐकलेही आहेत. पहिला असा, की मस्कतच्या उन्हाळ्यात कुठली डिस्क टिकणार? आपल्या शेजारच्या कुरियातमध्ये २०१८ च्या जूनमध्ये एका दिवसरात्रीत तापमान ४२.६ अंशांखाली उतरलेच नव्हते, हे खरे आहे. पण सगळा दोष उन्हावर टाकू नये. गूगलच्या त्याच निबंधात तापमानाचा परिणाम समजुतीपेक्षा बराच कमी निघाला. जुन्या डिस्क आणि फार जास्त उष्णता एकत्र आली तिथेच तो ठळक दिसला. काळजी घ्यायची ती वेगळी. जुलैत आपण दोन महिन्यांसाठी गावी जातो आणि एसी बंद करून घर कुलूपबंद करतो. अशा तापलेल्या घरात विजेविना पडून असलेली जुनी एसएसडी तिच्यातला विद्युतभार, म्हणजे पर्यायाने माहिती, हळूहळू गमावू शकते. तेव्हा 'एसएसडीत उतरवून कपाटात ठेवले' म्हणजे कायमची सोय झाली, असे समजू नये. तिच्याशेजारी एक साधी हार्ड डिस्क असावी आणि दोन्ही वर्षातून एकदा जोडून पाहाव्यात.

दुसरा आक्षेप तरुणांचा: "काका, आता सगळं क्लाउडवर असतं." असते, आणि ती सोय चांगलीच आहे. पण ती नक्कल आहे की प्रतिबिंब, हे पाहा. बऱ्याच सेवांत इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. आणि आपल्या आखातातल्या माणसांची एक खास अडचण आहे, तिचा विचार फारसा कुणी करत नाही. आपली खाती इथल्या मोबाइल क्रमांकाला बांधलेली असतात. नोकरी संपते, व्हिसा रद्द होतो, आपण कायमचे परततो आणि सिम बंद होते. मग पुण्यात किंवा रत्नागिरीत बसून नव्या फोनवर खाते उघडायला जावे, तर खात्रीचा आकडा त्या बंद क्रमांकावर जातो. कंपनीच्या ईमेलवर उघडलेल्या खात्याचे तर बोलायलाच नको. परतणाऱ्या माणसाच्या यादीत कार विकणे, घरभाडे, ग्रॅच्युइटी हे सगळे असते. 'खात्यांचे क्रमांक बदलणे' ही ओळ त्यात माझ्या पाहण्यात कधी आलेली नाही. ती घाला.

एकच प्रत ठेवणे धोक्याचे, हे शहाणपण संगणकाबरोबर आलेले नाही. ते आपल्या घरचे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीन शतके हातांनी उतरवल्या गेल्या आणि उतरवताना पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथ महाराजांनी तो ग्रंथ शुद्ध करून घेतला. प्रती होत्या म्हणून शुद्ध करता आला. चुका असलेल्या अनेक प्रतींतून बरोबर पाठापर्यंत पोचता येते. नष्ट झालेल्या एकुलत्या प्रतीतून कुणालाच, नाथांनाही, काही काढता आले नसते.

आणि प्रती एकाच कपाटात ठेवून भागत नाही. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळाचे पाणी कुरुम आणि आसपासच्या भागांत शिरले, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. पाणी टेबलावरचा संगणक आणि खणातल्या सीडी असा भेद करत नाही. म्हणून जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्यासाठी हे दुसरे ठिकाण देवाने आधीच दिलेले आहे. आपण दरवर्षी गावी जातोच. येताना बॅगेत भाजणी आणि लोणचे असते, जाताना खजूर आणि ओमानी हलवा. त्या हलव्याच्या डब्याशेजारी तळहाताएवढी एक डिस्क सहज मावते. ती भावाच्या किंवा बहिणीच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या वर्षी नवी देऊन जुनी परत आणा.

हे आत्ताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे पुष्कळ घरांतून जुने संगणक बाहेर निघतील; काही विकले जातील, काही कचऱ्यात जातील. त्यांच्याबरोबर काय जाणार आहे, ते एकदा उघडून पाहा. मुलांचे पहिले पाऊल, ताज्या जन्मलेल्या नातीचा आवाज, मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवांची चित्रफीत. जुन्या अंकांच्या फायली सापडल्या तर त्या आजच्या संगणकावर उघडतात का, हेही तपासा. युनिकोडच्या आधी आपण श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये टंकत असू. तो फॉन्ट नसला, की सुखरूप वाचलेला मराठी मजकूरही इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. अशा फायलींची पीडीएफ करून ठेवणे, हीसुद्धा एक बचावाचीच पायरी आहे.

कुणी म्हणेल, ओव्या तर संशोधकांनी जपल्याच आहेत. खरे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या आणि त्या आज जगाला वाचता-ऐकता येतात. केवढे मोठे काम. पण तुमच्या आईचा आवाज त्या संग्रहात नाही. तो तुमच्या टेबलाखालच्या पेटीत आहे आणि त्याची राखण करणारे तुम्ही एकटे आहात.

शेवटी मंडळाला एक सूचना. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वहीपूजन होते. व्यापारी हिशेबाची चोपडी देवापुढे ठेवतो, कारण वर्षभराचा व्यवहार तिच्यात असतो. आपल्या घरची वही आता डिस्क झाली आहे. त्या दिवशी सकाळी प्रत्येक घराने वर्षभराच्या फोटोंची आणि कागदपत्रांची नक्कल घ्यावी आणि संध्याकाळी ती नवी डिस्क पूजेत ठेवावी. ज्या ज्येष्ठांना हे जमत नाही, त्यांच्याकडे मंडळातली दोन मुले जातील अशी व्यवस्था समितीने करावी. या अंकाचा इंग्रजी विभाग वाचणारी मुले या कामात आपल्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत आणि त्यांना या निमित्ताने आजीचे जुने फोटोही पाहायला मिळतील.

मी गेल्या दिवाळीत सुरुवात केली. अकरा ओव्या, तीन ठिकाणी: एक इथे, एक कराडला धाकट्या भावाकडे आणि एक नातवाकडे. तुटकी बारावीही ठेवली आहे.